शब्दाला तारीख विचार

चि. सायली,


भित्तिपत्रकासाठी लिहिलेला मजकूर पोचला. इंग्रजी शब्दांच्या जन्मकथा तू मन लावून जमवल्या आहेस, लिहिलंसही ओघवतं. पण तो आहे तसा लावू नकोस. त्यातल्या बऱ्याच गोष्टी खऱ्या नाहीत, आणि वाचणारी मुलं त्या जन्मभर खऱ्या म्हणून सांगत राहतील.

'पॉश'चंच बघ. विलायतेहून मुंबईला येताना बोटीची डावी बाजू सावलीची, परतीला उजवी. म्हणून पी अँड ओ कंपनी श्रीमंतांच्या तिकिटांवर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'ची चार आद्याक्षरं उमटवायची, असं तू लिहिलंस. पण तसं एकही तिकीट आजवर कुणाच्या हाती लागलेलं नाही. शिवाय आद्याक्षरं जोडून शब्द घडवायची चाल मुख्यतः विसाव्या शतकातली. त्याआधीच्या शब्दाची कुणी अशी फोड करून दाखवली, की आधी शंका घ्यायची. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या बाजारू बोलीत 'पॉश' म्हणजे पैसा, आणि छानछोकी माणूसही. आजचा अर्थ त्यातूनच आला का, हे कोशकार छातीठोकपणे सांगत नाहीत. तूही सांगू नकोस.

'कुत्र्यामांजरांचा पाऊस' या वाक्प्रचाराचंही तेच. गवताच्या छपरावर झोपलेली जनावरं पावसात घसरून पडायची, ही कथा १९९९च्या सुमारास ई-मेलमधून जगभर फिरली. वाक्प्रचार स्विफ्ट या लेखकाच्या १७३८च्या पुस्तकात आजच्याच रूपात आहे. छपरावर कुत्रा कशाला चढेल, एवढं विचारलं असतंस तरी पुरे होतं.

मला खरं वाईट वाटलं ते पुढेच. तू नाशिकची, आणि तुझ्या यादीत 'डूलाली' नाही! डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रज आजही हा शब्द लावतात, आणि तो म्हणजे आपलं देवळाली. १८६१ पासून तिथं गोऱ्या फौजेचा तळ होता. हिंदुस्थानातली नोकरीची मुदत संपली की शिपायांना तिथं आणून ठेवत, मग मुंबईला नेऊन बोटीत बसवत. पण फौजेच्या बोटी थंडीच्या हंगामातच सुटायच्या. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडावर भरली, त्याला पुढच्या हंगामापर्यंत देवळालीतच पडून राहावं लागे. कवायत नाही, काम नाही, वर वैशाखातलं ऊन, हाताशी दारू आणि डोक्यात घर. किती जण त्यात बिघडले असतील! फ्रँक रिचर्ड्स या जुन्या शिपायानं १९३६ साली छापलेल्या आठवणींत हे सगळं येतं. पूर्वी पुरता शब्द 'डूलाली टॅप' असा होता. त्यातला 'टॅप' म्हणजे हिंदुस्तानीतला 'तप', आपल्या तापाचा सख्खा भाऊ. पुढे ताप गळून गेला आणि गाव तेवढं राहिलं. 'देवळालीत वेड्यांचं इस्पितळ होतं' एवढं एक वाक्य टाकून लोक मोकळे होतात, तसं करू नकोस. या शब्दात घरी जायची वाट बघणारी माणसं आहेत, त्यांच्याबद्दल लिही.

आता सवय कोणती लावायची ते सांगते. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश जेम्स मरे यांनी चिठ्ठ्यांवर उभा केला. घरोघरचे हौशी वाचक पुस्तकं वाचून चिठ्ठ्या पाठवायचे. चिठ्ठीवर शब्द, तो आलेलं अख्खं वाक्य, लेखक, पुस्तक आणि साल. पहिला भाग १८८४ साली निघाला, शेवटचा १९२८ साली. मरे १९१५ मध्येच गेले होते. तूही एक वही कर आणि चिठ्ठीतल्या याच नोंदी ठेव. एखादी गोष्ट साल सांगत नसेल तर ती शेवटच्या पानावर लिही, फाडू मात्र नकोस. लोकांना ती का आवडली, हाही शोधण्यासारखा विषय आहे. आणि कोशात 'मूळ अज्ञात' असं दिसलं तर तेच उतरव. ते लिहायलाही कोशकाराला पुष्कळ धुंडाळावं लागतं.

यूल आणि बर्नेल यांचा १८८६चा 'हॉब्सन-जॉब्सन' माझ्याकडे आहे, येशील तेव्हा घेऊन जा. हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा तो कोश आहे, आणि जुन्या प्रवासवर्णनांतले उतारे त्यात सालासकट दिलेत. आधी 'मंगूस' काढ. तो आपला मुंगूस. नंतर 'डंगरी', ते जाडंभरडं कापड. त्याचं नातं मुंबईच्या डोंगरीशी जोडतात. पुरावा कुठवर पोचतो ते तूच तपासून मला लिही.

भित्तिपत्रकाला अजून आठवडा आहे. पाच शब्द कमी झाले तरी चालतील, 'डूलाली'ला अर्धा कागद दे.

तुझी,
आत्या