स्वयंपाकघरातील मुलांचा वाटा

मुलांनी घरच्या स्वयंपाकास हातभार लावावा, असे कोणी म्हटले की आईबापांकडून बहुधा दोन उत्तरे मिळतात. एक, त्यांचा अभ्यास बुडतो. आणि दुसरे, ती नुसता पसारा करतात. दुसरे उत्तर अगदी खरे आहे. पहिल्याचा मात्र विचार करावयास हवा.

१९३७ साली वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींनी हाताच्या कामातून शिक्षण देण्याची कल्पना मांडली. पुढे सेवाग्रामच्या शाळेत स्वयंपाकघर हा शिक्षणाचाच भाग झाला. किती माणसांस किती धान्य लागेल याचा हिशेब तेथे मुले करीत आणि स्वतः रांधीतही. गणित तेथे बुडाले नाही; ते चुलीपाशी आले.

आपल्या माळव्यात पावसाळा आला की घरोघरी भुट्ट्याचा कीस होतो. कणसे सोलून त्यांचे केस निवडून काढणे हे पाच-सहा वर्षांच्या मुलासही जमते. किसणी मात्र जरा जाणत्या मुलाच्याच हाती द्यावी, कारण कणीस सरत आले की बोटे दात्यांस भिडतात. फोडणी मोठ्यांनी करावी. मुलाने अंतरावर उभे राहून कीस परतताना कच्चा वास केव्हा जातो, दूध केव्हा आटते, हे पाहावे. ही पारख वहीत उतरवून घेता येत नाही. थंडीत बटला सोलावयास बसवावे. (सोललेल्यांपैकी मूठभर दाणे पोटात जातात, तेवढे हिशेबात धरावे!)

परंतु कणकेची गोळी हाती देऊन कोपऱ्यात खेळावयास लावणे, याला काम म्हणत नाहीत. मुलाने केलेले सर्वांच्या पानात पडले पाहिजे. मग एखादे दिवशी भाजी अळणी होईल. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्ये आईकडून भाजीत मीठ घालावयाचे राहिले, तरी वडिलांनी ती मुकाट्याने व आनंदाने खाल्ली, हा प्रसंग आपणांस ठाऊक आहेच. आईस जो मान मिळाला, तो आठ वर्षांच्या मुलास का मिळू नये? मीठ वरून घेता येते. पानावर झालेले हसे मात्र मूल विसरत नाही आणि पुन्हा स्वयंपाकघराकडे फिरकत नाही.

हे सारे केवळ मुलींकरिता नव्हे. सोवळ्याच्या दिवसांत मुलांस चुलीपासून दूर ठेवीत; त्यातील हातपाय धुण्याची शिस्त अवश्य राखावी, दूर ठेवणे सोडावे. आज इंदूरची कितीतरी मुले शिक्षणाकरिता पुण्यास, बंगळूरास जातात आणि तेथे वरणभातही त्यांस लावता येत नाही. इकडे नोकरी करून आलेली आई एकटीच ओट्यापाशी उभी असते.

सावधगिरी मात्र हवीच. कढईचा दांडा आतल्या बाजूस वळवावा. उकळते तेल व कुकर मुलांच्या हाती देऊ नये. भाजलेच तर तूप किंवा दंतमंजन न लावता वीस मिनिटे वाहते गार पाणी घालावे, आणि फोड मोठा असल्यास डॉक्टरांकडे न्यावे.

प्रारंभ रविवारच्या पोह्यांपासून करावा. जाड पोहे चाळणीत धुवून निथळत ठेवावे, दहा मिनिटांनी एक दाणा बोटांत दाबून पाहावा. तो सहज दबला, पण त्याचा लगदा झाला नाही, म्हणजे मुलाने आईस हाक मारावी. फोडणी तिने तोवर चढवू नये.