साखरपुड्याची अंगठी: भावाआधी मजुरी विचारा

सोन्याच्या भावावर घासाघीस करून फारसं काही हाती लागत नाही. अंबडला, जालन्याच्या सराफा बाजारात किंवा छत्रपती संभाजीनगरला एकाच दिवशी भावात फरक असला तरी तो ग्रॅममागे थोडकाच असतो. अंगठीत पैसे जातात ते मजुरीत, घटीत, खड्याच्या वजनात आणि घरातलं जुनं सोनं मोडताना. या चार जागी सावध राहिलात तर एका अंगठीमागे पाच ते दहा हजार रुपये सहज वाचतात. साखरपुड्याला दोन अंगठ्या लागतात, म्हणजे फरक दुप्पट.

आधी हिशेब करा. सोयीसाठी 22 कॅरेटचा भाव ग्रॅमला 12,000 रुपये धरू. तुम्ही जाल त्या दिवशीचा आकडा त्या जागी टाका. चार ग्रॅमच्या अंगठीत सोनं झालं 48,000 रुपयांचं. मजुरी 8 टक्के असेल तर 3,840, दोन्ही मिळून 51,840. त्यावर 3 टक्के जीएसटी 1,555. हॉलमार्कचे नगाला 45 रुपये आणि त्यावरचा कर धरून 53. एकूण साधारण 53,450. आता तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या अंगठीला मजुरी 18 टक्के लावली तर हीच रक्कम 58,390 वर जाते. सोनं तेवढंच, शिक्का तोच. हे जवळपास पाच हजार परत कधी मिळत नाहीत, कारण अंगठी मोडायला नेली की मजुरी शून्य धरली जाते.

म्हणून दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न "आज भाव काय?" हा नको. "या अंगठीला मजुरी किती, आणि ती टक्क्यात की ग्रॅमवर?" हे विचारा. शक्य तिथे ग्रॅमवर ठरवा. टक्क्यातली मजुरी सोनं महागलं की आपोआप वाढते. कारागिराचे श्रम मात्र तेवढेच असतात. साधी, गुळगुळीत अंगठी सर्वांत कमी मजुरीत मिळते. जाळीकाम, नक्षी, नावाची अक्षरं, जोडीच्या अंगठ्यांचा संच म्हटलं की टक्का चढतो. "मजुरीवर 50 टक्के सूट" अशी पाटी दिसली तर सूट किती हे पाहू नका. सूट वजा जाऊन ग्रॅमला किती रुपये पडतात तेवढंच विचारा आणि दोन दुकानांचे तेच आकडे शेजारी मांडा.

घटीचं वेगळं पाहा. घडवताना थोडं सोनं कमी होतं, त्यापोटी काही दुकानदार मजुरीशिवाय 3 ते 5 टक्के घट लावतात. आपल्या चार ग्रॅमवर 5 टक्के घट म्हणजे आणखी 2,400 रुपये. एकतर मजुरी तरी द्या किंवा घटीसह मजुरीचा एकच आकडा ठरवा. दोन्ही स्वतंत्र लावत असतील तर सरळ नाही म्हणा. बहुतेक ठिकाणी घट निघते.

भाव विचाराल तेव्हा कॅरेटसह विचारा. पाटीवर किंवा मोबाइलवर दिसतो तो बहुधा 24 कॅरेटचा. अंगठी 22 कॅरेटची असेल तर त्यात सोनं 91.6 टक्के, 18 कॅरेटची असेल तर 75 टक्के, 14 ची असेल तर 58.5 टक्के, आणि भावही त्याच प्रमाणात खाली आला पाहिजे. वरच्या उदाहरणात 18 कॅरेटचा ग्रॅम 9,825 रुपयांना पडेल, म्हणजे चार ग्रॅमला 8,700 रुपये कमी. खड्याची अंगठी 18 कॅरेटमध्येच घ्या असं मी सांगेन. ती कडक असते, खडा घट्ट राहतो आणि रोज शेतात, स्वयंपाकघरात वापरली तरी लवकर वाकत नाही. घरातली मोठी माणसं "बावीसच हवं" म्हणतील. नुसतं सोनं म्हणून ठेवायचं असेल तर त्यांचं बरोबर आहे. बोटात रोज घालायची असेल तर नाही. मोठी माणसं तोळ्यात बोलतात, तेव्हा हेही स्पष्ट करून घ्या: जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, आजचा व्यवहारातला 10 ग्रॅमचा. दुकानात फक्त ग्रॅममध्ये बोला.

आता खडा. इथे सर्वाधिक फसगत होते आणि ती बिलातही दिसत नाही. अंगठी खड्यासकट काट्यावर ठेवायची आणि सगळ्या वजनाला सोन्याचा भाव लावायचा. खड्यांचं वजन 0.300 ग्रॅम असेल तर आपल्या भावाने 3,600 रुपये काचेला गेले. अमेरिकन डायमंडचे खडे अगदी थोड्या पैशांचे असतात. बिलावर एकूण वजन, खड्याचं वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगळं लिहून घ्या. भाव निव्वळ वजनालाच. खरा हिरा असेल तर लक्षात ठेवा, हिऱ्याचा एक कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम. पाच सेंटचा हिरा 0.01 ग्रॅमचा. हिऱ्यासाठी छापील प्रमाणपत्र मागा. प्रयोगशाळेत तयार झालेला हिरा नैसर्गिक हिऱ्याच्या तुलनेत पुष्कळ स्वस्त पडतो आणि डोळ्यांना फरक कळत नाही, पण परत विकताना त्याचं फारसं काही येत नाही, हे धरूनच घ्या. दुकानदार परत घेणार म्हणत असेल तर किती टक्क्यांनी, ते बिलावर लिहून घ्या. तोंडी शब्द इथे चालत नाही.

हॉलमार्क म्हणजे तीन खुणा: बीआयएसचं चिन्ह, शुद्धता (22के916, 18के750 अशी) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक. 1 एप्रिल 2023 पासून हाच सहा-अंकी क्रमांक असलेला हॉलमार्क ग्राह्य आहे. अंगठीच्या आतल्या बाजूला तो बारीक कोरलेला असतो. दुकानात दहा पट मोठं दाखवणारं भिंग असायलाच हवं. मागा आणि स्वतः वाचा. मग मोबाइलवर "बीआयएस केअर" ॲपमध्ये क्रमांक टाका. दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि हॉलमार्क करणारं केंद्र दिसतं. तिथे "अंगठी"ऐवजी दुसराच दागिना दिसला तर ती घेऊ नका.

हॉलमार्कच्या सक्तीला पळवाटा दोन आहेत. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. सोनं महागल्यापासून दीड ग्रॅमच्या अंगठ्या भरपूर खपतात, आणि नेमक्या त्याच बिनशिक्क्याच्या असू शकतात. शिवाय ज्याची वार्षिक उलाढाल 40 लाखांपर्यंत आहे त्या सोनारालाही सक्ती नाही. याचा अर्थ तो लबाड आहे असा नव्हे; पेठेतला पिढ्यान्‌पिढ्यांचा सोनार चोख काम देतो आणि मजुरीही कमी घेतो. पण शुद्धतेची खात्री तुम्हालाच करावी लागेल. बीआयएसमान्य हॉलमार्किंग केंद्रात कोणताही ग्राहक दागिना तपासून घेऊ शकतो; चार नगांपर्यंत 200 रुपये लागतात. केंद्रांची यादी बीआयएसच्या संकेतस्थळावर आहे. सोनाराशी आधीच बोलून ठेवा: "तपासून घेणार, कमी निघालं तर परत."

घरात जुनं सोनं असेल तर खरी बचत तिथेच आहे, पण पद्धत निवडून. मोड देऊन तयार अंगठी घेतली तर जीएसटी नव्या अंगठीच्या पूर्ण किमतीवर लागतो, मोड वजा करून उरलेल्या रकमेवर नव्हे. तेच सोनं सोनाराला देऊन त्यातूनच अंगठी घडवून घेतली तर कर फक्त मजुरीवर, 5 टक्के. मजुरी 4,000 असेल तर कर 200 रुपये; वरच्या हिशेबातले 1,555 नव्हेत. तयार अंगठीच्या बिलात मजुरीवर वेगळे 5 टक्के दिसले तर का, ते विचारा. तिथे सोनं आणि मजुरी मिळून 3 टक्केच.

मोड देताना आधी टंच, म्हणजे शुद्धता, काढून घ्या. मशीनवर तुमच्यासमोर तपासा, पडद्यावरचा आकडा लिहून घ्या. मणी, डाख, लाख, खडे आधी काढून वजन करा. सोनं वितळवायचं असेल तर समोर उभं राहा. मोडीचा भाव आणि नव्या सोन्याचा भाव वेगळा सांगितला तर फरक किती टक्के, ते विचारून दुसऱ्या दुकानातही हाच प्रश्न विचारा. जुनं बिल सापडलं तर सोबत न्या, आधार कार्डही ठेवा; मोड घेताना दुकानदार बहुधा ओळखपत्र मागतो.

जायचं कुठे? साधी वेढणीसारखी अंगठी किंवा घरच्या सोन्यातून घडवायची असेल तर अंबडलाच. माप बदलायला, डाख लावायला पुन्हा जाणं सोपं पडतं. खड्याची, 18 कॅरेटची, तयार नमुन्यातली हवी असेल तर जालना, तिथे निवड जास्त. छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या दालनांत नमुने पुष्कळ, पण मजुरीचा टक्काही चढा. एका अंगठीसाठी तेवढं जायची गरज नाही. एसटीने गेलात तर महिलांना निम्मं तिकीट आणि 75 वर्षांवरच्यांना मोफत. घरातल्या जाणत्या बाईला सोबत न्या, तिला वजनाचा अंदाज असतो.

जायचं केव्हा? दसरा, धनत्रयोदशी, गुरुपुष्य, अक्षय्य तृतीया टाळा. नवरात्रात मत्स्योदरी देवीच्या दर्शनाला अंबडला गर्दी असते, तेव्हाही काट्यासमोर निवांत उभं राहता येत नाही. साध्या दिवशी दुपारी जा. घडवून घ्यायची असेल तर साखरपुड्याच्या किमान तीन आठवडे आधी सांगा. आगाऊ रक्कम देऊन भाव बांधत असाल तर चिठ्ठीवर लिहून घ्या: भाव वाढला तर कोणता धरणार, उतरला तर कोणता.

माप संध्याकाळी घ्या, सकाळी बोट बारीक असतं. दुसऱ्या बाजूच्या अंगठीचं माप अंदाजाने देऊ नका. त्यांची वापरातली अंगठी किंवा बोटाला गुंडाळून खूण केलेला दोरा मागवा. नंतर माप वाढवलं तर सोनं आणि मजुरी दोन्ही पुन्हा लागतात. वाढवल्यावर शिक्का शाबूत आहे का, तेही पाहा.

कागदपत्रं फारशी नाहीत. दोन लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन लागतो, आणि रोख दोन लाखांच्या आतच. "बिल घेऊ नका, तीन टक्के वाचतील" असं कुणी म्हणेल. दीड हजार वाचतात खरे, पण अंगठी कमी कसाची निघाली तर तुमच्याकडे काहीच उरत नाही. कोऱ्या चिठ्ठीवरचा हिशेब म्हणजे बिल नव्हे. पक्क्या बिलावर वस्तूचं वर्णन, निव्वळ वजन, कॅरेट व शुद्धता आणि हॉलमार्कचा आकार वेगवेगळा असायला हवा. काट्यावर वैधमापन विभागाचा चालू पडताळणीचा शिक्का आहे ना, तेही पाहा, आणि वजन होताना पंखा बंद करायला सांगा.

आणखी एक. समोरच्यांनी "अंगठी एवढ्या ग्रॅमचीच हवी" असं ठरवून सांगितलं असेल तर ती हौस राहत नाही, मागणी होते, आणि 1961 च्या कायद्याने हुंडा मागणं गुन्हा आहे. त्यासाठी कर्ज काढू नका. दोन्ही घरांनी मिळून सारख्या वजनाच्या दोन साध्या अंगठ्या ठरवल्या तर खर्चही आटोक्यात राहतो.

हॉलमार्क असूनही सोनं कमी कसाचं निघालं तर कमी पडलेल्या सोन्याच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळण्याची तरतूद बीआयएसच्या 2018 च्या नियमांत आहे. तक्रार "बीआयएस केअर"वर करता येते. बिलाबद्दल किंवा परतीच्या शब्दाबद्दल वाद असेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथे मिटलं नाही तर जालन्याचा जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि अर्ज ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या करता येतो. यंत्रातून निघालेलं गुळगुळीत कागदाचं बिल काही महिन्यांत पुसट होतं. दुकानाबाहेर पडायच्या आत त्याचा आणि अंगठीच्या आतल्या शिक्क्याचा फोटो काढून घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवा.