ड्रोनचालकाचे प्रमाणपत्र आणि आपली मुले

महाराष्ट्राच्या जुन्या ग्रामव्यवस्थेत गावाची शीव कोठून कोठे जाते, हे दाखविण्याचे काम महार वतनदाराकडे असे. दोन गावांत शिवेचा तंटा उभा राहिला की त्याची साक्ष महत्त्वाची मानली जाई. मात्र ती साक्ष कागदावर उतरविणारी लेखणी दुसऱ्याच्या हाती होती. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, ते समाजाला या वेठीतून सोडविण्यासाठी. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. हा इतिहास येथे आठवण्याचे कारण एवढेच, की आज गावाची मोजणी पुन्हा होत आहे, या वेळी आकाशातून. आणि मोजणाऱ्या यंत्राचे नियंत्रण कोणाच्या हाती असावे, हा प्रश्न आम्हांला परका वाटत नाही.

२०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाचे ड्रोनद्वारे छायाचित्रण करून घरमालकांना मिळकत पत्रिका दिली जाते. उड्डाणापूर्वी घरांच्या व मोकळ्या जागांच्या हद्दी जमिनीवर चुन्याने आखतात. चुन्याची रेघ जेथे पडेल, तेच चित्रात येईल. आपल्या वस्त्या बहुधा गावठाणाच्या कडेला असल्याने आखणीच्या दिवशी घरातील जाणते माणूस मजुरीवर न जाता दारात उभे असावे, असे आम्ही प्रत्येक पालकास सांगतो.

आता प्रमाणपत्राविषयी. ड्रोन नियम, २०२१ अन्वये यंत्राचे वर्गीकरण वजनावरून होते: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, १५० किलोपर्यंत मीडियम आणि त्यावर लार्ज. नॅनो उडविण्यास प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो ड्रोन हौसेखातर उडविणाऱ्यासही लागत नाही. मोबदला घेऊन उडविणाऱ्यास मात्र लागते. लग्नसमारंभाचे चित्रीकरण करणाऱ्या आपल्या अनेक तरुणांना हा भेद ठाऊक नसतो. नियमभंगास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

पूर्वी यास परवाना म्हणत. २०२२ च्या दुरुस्तीपासून ‘रिमोट पायलट सर्टिफिकेट’ हा शब्द आला. वय १८ ते ६५, शिक्षण मान्यताप्राप्त मंडळाची दहावी, आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे ‘डीजीसीए’ने, मान्यता दिलेल्या संस्थेतील प्रशिक्षण, एवढ्या अटी. प्रमाणपत्र दहा वर्षे चालते. आरंभी पासपोर्ट मागितला जाई. ज्या घरातून कोणी परदेशी गेलेले नाही, तेथे पासपोर्ट कोठून असणार? सप्टेंबर २०२३ च्या दुरुस्तीने ती अडचण दूर झाली; आता मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका किंवा वाहन परवाना चालतो. कागदी नियमांतील असे लहानसे बदल कोणाच्या घराचे दार उघडतात, याकडे समाजाने बारकाईने पाहिले पाहिजे.

स्मॉल वर्गाचे प्रशिक्षण साधारण पाच ते सात दिवसांचे असते. प्रथम कायदा, हवामान, उड्डाणाची तत्त्वे व बॅटरीची निगा यांचे पाठ. मग संगणकावरील सिम्युलेटर. आणि शेवटी मैदानात प्रत्यक्ष उड्डाण व परीक्षा. हिरव्या क्षेत्रात सामान्यतः ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रकाची लागते, तांबड्यात केंद्र शासनाची. यंत्र सतत डोळ्यांसमोर राहिले पाहिजे. नॅनो सोडून इतरांस त्रयस्थ व्यक्तीच्या हानीचा विमा आवश्यक आहे.

ग्रामीण भागात खरे काम फवारणीचे आहे, आणि येथे आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. पीक डोक्याएवढे वाढलेले, पाठीवर पंप, आणि अंगावर साधा सदरा. दहा लिटरच्या टाकीचा ड्रोन सुमारे दहा मिनिटांत एकराची फवारणी करतो व चालक विषापासून दूर उभा राहतो. भगवान बुद्धांनी उपासकास विषाचा व्यापार वर्ज्य सांगितला आहे. तेव्हा ही सम्यक आजीविका कशी, असे एका धम्मबंधूंनी आम्हांस विचारले. विष विकणे आणि ज्याच्या अंगावर ते पडत होते त्यास बाजूला घेणे, यांत आम्ही भेद करतो. तथापि पाठीवरचा पंप उतरला की त्याची मजुरीही जाते, हे विसरता येत नाही. त्या मजुराच्या मुलाच्या हाती नियंत्रक आला नाही, तर यंत्राचा लाभ पुन्हा दुसऱ्याच्याच घरी जाईल.

अडचण पैशाची आहे. शासकीय शुल्क शंभर रुपये. पण प्रशिक्षणाचा खर्च संस्थेनुसार साधारण तीस हजारांपासून साठ-सत्तर हजारांपर्यंत जातो, आणि फवारणीचा ड्रोन काही लाखांचा. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत महिला बचत गटांना किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये साहाय्य व एका सदस्येस पंधरा दिवसांचे प्रशिक्षण मिळते. आपल्या माजी विद्यार्थिनींनी आपापल्या गटात हा विषय काढावा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातही प्रशिक्षण केंद्र आहे. कोठेही पैसे भरण्यापूर्वी संस्थेची मान्यता ‘डीजीसीए’च्या यादीत तपासावी. ‘पाच दिवसांत हमखास नोकरी’ या जाहिरातींवर आमचा विश्वास नाही. फवारणी हंगामी असते. जो केवळ उडवितो तो उरलेले महिने रिकामा राहतो. जो चित्रांवरून नकाशा करतो, पिकाचा रोग ओळखतो किंवा मोटार व बॅटरी दुरुस्त करतो, त्यास वर्षभर काम मिळण्याची शक्यता अधिक. नोकरीत असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी प्रत्येकी थोडे घालून दरवर्षी दोन-तीन मुलामुलींचे प्रशिक्षण शुल्क उचलले, तर ते आवाक्याबाहेरचे नाही.

ज्यांना अठरा वर्षे पूर्ण व्हावयाची आहेत, त्यांनी तोवर दहावीच्या भूमितीतील समरूपता व त्रिकोणमिती पक्की करावी, नकाशावरील प्रमाण वाचण्यास शिकावे. अभ्याससाहित्य बहुधा इंग्रजीत असते. त्यातील संज्ञांची वही आजपासूनच घालावी.