कुबट वास आणि अत्तराची कुपी

काचीगुडा, हैदराबाद
मार्गशीर्ष

चि. राणीस,

ट्रंक उघडल्यावर पैठणी, हिमरू शाल आणि सुती नऊवार, सगळ्यांना कुबट वास येतोय, तर चारमिनारजवळून कोणतं अत्तर आणू, असं विचारलं आहेस. कोणतंच आणू नकोस. तो वास म्हणजे कापडाचा मळ नव्हे, ती ओलाव्याची साक्ष आहे. आणि साक्षीदाराचं तोंड दाबल्याने गुन्हा नाहीसा होत नाही. हवेतली आर्द्रता फार काळ 65-70 टक्क्यांच्या वर राहिली की कापडावर बुरशी धरते. सुती धागा, त्यावरची खळ, घामाचे आणि तेलाचे डाग हे सगळं तिचं खाणं. वाढता वाढता ती आणि तिच्या संगतीचे जिवाणू काही वायुरूप द्रव्यं सोडतात. त्यांपैकी एकाला 1965 साली जिओस्मिन हे नाव मिळालं. पहिल्या पावसात मातीला येणाऱ्या वासातही तेच असतं. अंगणात त्याने आपण खूश होतो, ट्रंकेत त्याच वासाला नाक मुरडतो. पण नाकाचं म्हणणं दोन्हीकडे एकच असतं, की इथे पाणी आलं होतं.

आता हैदराबादेत हे पाणी आलं कुठून, हा खरा प्रश्न. मुंबईच्या नातेवाइकांना विचारलंस तर ते म्हणतील, जुने कपडे म्हटले की वास यायचाच. त्यांच्या समुद्रकाठी ते काहीसं खरं आहे, आपल्याकडे नाही. इथे वर्षाकाठी साधारण 800 मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते ऑक्टोबरात; एप्रिलच्या दुपारी आर्द्रता बहुधा तिशीच्या घरात उतरते. वर्षातले सात-आठ महिने ज्या गावाची हवा कोरडी, तिथल्या ट्रंकेत डिसेंबरात कुबट वास येतो, तेव्हा तो वास आजच्या हवेचा नसतो. ऑगस्ट-सप्टेंबरात सकाळची आर्द्रता 80 टक्क्यांच्या आसपास असते आणि नेमक्या त्याच दिवसांत मंगळागौर, गौरी-गणपती येतात. पैठणी नेसायची, घामेजली तशी घडी घालायची, वर प्लास्टिकची पिशवी चढवायची आणि झाकण लावायचं. भाद्रपदाची हवा आपण स्वतःच कुलूपबंद करतो. म्हणून माझं सांगणं असं की वासावरचा पहिला उपाय वस्तूंत नाही, क्रमात आहे: आधी ओल काढायची, मग जे धुण्याजोगं असेल ते धुवायचं, आणि सुगंध हवाच असेल तर अगदी शेवटी.

क्रम उलटा केला तर काय होतं ते बघ. अत्तराच्या तेलाचा डाग रेशमावरून सहजी निघत नाही, आणि बुरशी खाली तशीच राहते. तू म्हणशील, या शहरात तर कपड्यांना ऊद-लोबानाची धुरी द्यायची जुनी रीत आहे. आहे, आणि छान आहे; पण धुरी द्यायची ती धुतलेल्या, वाळलेल्या कपड्यांना. सहावे निजाम महबूब अली खान यांची दोन मजली लाकडी कपाटं इथल्याच पुरानी हवेलीची एक अख्खी बाजू व्यापून उभी आहेत, आणि एकदा घातलेला कपडा ते पुन्हा घालत नसत अशी आख्यायिका आहे. खरी असेल तर कुबट वासाचा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचलाच नसेल. एक पैठणी तीन पिढ्या नेसणाऱ्या घराला मात्र तो सोडवावाच लागतो.

तर आता मार्गशीर्षातली कोरडी हवा आहे, तिचा फायदा घे. नाकातोंडाला फडकं बांध आणि ट्रंक गच्चीत नाहीतर गॅलरीत उघड. बुरशीची भुकटी घरभर उडायला नको. घड्या उलगडून सावलीत, खाटेवर धुतलेली चादर घालून त्यावर पसर. दोन-चार दिवस रोज उलथव आणि रात्री आत घे. फ्लॅटमध्ये वारा नाही ही अडचण खरी आहे, पण पंखा आहे ना. ओल काढायला वाहती हवा लागते, ऊनच लागतं असं नाही. सुती नऊवारीला थेट ऊन दे, उन्हाने बुरशीही मरते. रेशमाला ते देऊ नकोस. उन्हात रेशीम पिवळं पडतं आणि धागा कुजल्यासारखा तुटू लागतो. एवढ्यानेच निम्म्याहून जास्त वास जाईल. उरलाच तर कपडा एका मोठ्या डब्यात ठेव आणि शेजारी उघड्या वाटीत खाण्याचा सोडा किंवा कोळसा ठेवून झाकण लाव. सोडा कापडावर भुरभुरवू नकोस. तो अल्कलीधर्मी, रेशमाला सोसत नाही.

धुण्याबाबत सरसकट नियम कोणी सांगितला तर ऐकू नकोस. सुती कपडा साबणाच्या पाण्यात खुशाल धू, मात्र खळ किंवा स्टार्च घालून परत ठेवू नकोस; ते बुरशीला पान वाढून ठेवणं झालं. हिमरूची गोष्ट निराळी. औरंगाबादच्या त्या विणीत सूत आणि रेशीम एकत्र असतं, दोन्ही धागे पाण्यात सारखे आटत नाहीत, आणि शाल एकदा सुरकुतली की इस्त्रीने सरळ होत नाही. तिला फक्त हवा. पैठणीलाही पाणी नको, आणि हल्ली सगळीकडे सुचवतात ते व्हिनेगर तर नकोच. त्याची वाफ जरीतल्या तांब्याला बाधते. मग ड्राय क्लीनिंग? तेलकट डाग त्याने जातात, घामाचे क्षार पाण्यात विरघळणारे, ते बरेचसे तसेच राहतात. जिथे काळे ठिपके पडलेत आणि धागा बोटाला तुटतोय, तिथे काहीच करू नकोस, जाणत्याला दाखव.

परत ठेवताना प्लास्टिक नको, वर्तमानपत्रही नको. मांजरपाट चांगला, पण नव्या मांजरपाटात खळ असते, म्हणून आधी दोनदा उकळत्या पाण्यातून काढ. ट्रंक न्हाणीघराच्या भिंतीला टेकवू नकोस. गौरी झाल्यावर पैठणी लगेच बंद न करता ऑक्टोबरचं ऊन पडेपर्यंत सैलशी बाहेर राहू दे.

राहिला तुझ्या सासूबाईंचा आक्षेप, की डांबराच्या गोळ्यांनी आजवर सगळं टिकलं. कसरीपासून टिकलं, हे मी मान्य करते. कसर कीटक आहे. ओल त्या गोळ्या शोषत नाहीत, आणि बुरशीचा वास जाण्याऐवजी त्यावर दुसरा वास चढतो. शिवाय त्यांतलं नॅफ्थलीन कापडात मुरतं. जन्मतः जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या तान्ह्या बाळांच्या तांबड्या पेशी त्याच्या वाफेने फुटतात आणि कावीळ जिवावर बेतू शकते. बाळात ती कमतरता आहे की नाही हे वरून कळत नाही. तुझ्या जावेच्या बाळासाठी त्याच ट्रंकेतली कुंची-दुपटी काढणार आहेस असं लिहिलंस. ती आधी बाहेर काढ, धू, कडक उन्हात वाळव, पुन्हा धू. त्यानंतरही गोळ्यांचा वास येत असेल तर नवी शिवून घ्या. त्यासाठी मऊ जुनं सुती लुगडं त्या ट्रंकेच्या बाहेर कुठेतरी सापडेलच.

तुझी,
मावशी