जांभ्याचं पाणी आणि काचेची टाकी

अरे, टाकी आणलीस, छान केलंस. पण शनिवारी मासे आणायचे म्हणतोस, ते आणू नकोस. साधारण महिनाभर थांब. दुकानात सांगतात की पाणी भरा, रात्रभर पंप चालवा आणि सकाळी मासे सोडा. एका रात्रीत फार तर क्लोरीन उडून जातो. नव्या टाकीतले मासे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दगावतात, ते बहुतेक अमोनियामुळे.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं आणि घाण कुजली की त्यात भर पडते. नदीत ते वाहून जातं. तुझी टाकी 60 बाय 30 बाय 30 सेंटिमीटरची. तिन्ही आकडे गुणून 1000 ने भाग, 54 लिटर येतात. खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर पंचेचाळीसच धर. एवढ्याशा पाण्यात घाण कुठे जाणार? तिला पचवणारे जिवाणू तुलाच वसवायला हवेत. अमोनियाचं नायट्राइट करणारे एक, नायट्राइटचं नायट्रेट करणारे दुसरे. विनोग्राडस्की या शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास हे वेगळे करून दाखवले. नायट्राइटसुद्धा विषच आहे. नायट्रेट मात्र मासे बऱ्यापैकी सोसतात, आणि पाणी बदललं की ते कमी होतं.

हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते फिल्टरच्या स्पंजला, खडीला, काचेला चिकटून राहतात. म्हणून मी माझ्या टाकीतल्या स्पंजचा अर्धा तुकडा तुला देते, विरजणासारखा लाव. न्यायचा मात्र टाकीच्याच पाण्यात बुडवून, डब्यात. रुमालात गुंडाळून उन्हातून नेलास तर घरी पोचेपर्यंत त्यात काही शिल्लक राहणार नाही. मग रोज चिमूटभर खाणं बिनमाशांच्या टाकीत टाकत जा, म्हणजे जिवाणूंना खायला मिळेल. अमोनियाची चाचणी दुकानात मिळते, थेंब टाकले की पिवळ्याचं हिरवं होतं. आधी हिरवं होईल, मग हळूहळू पुन्हा पिवळं. त्यानंतर नायट्राइट चढेल आणि उतरेल. दोन्ही शून्यावर येऊन तिथेच राहिली की मासे आण. इथल्या उबेत हे काम थंड गावांपेक्षा लवकर होतं, पण दिवस मोजून ठरवू नकोस, रंग बघून ठरव.

आता आपल्या रत्नागिरीचं खरं दुखणं सांगते. पुस्तकं आणि व्हिडिओ बहुतेक कडक पाण्याच्या गावांसाठी असतात, त्यात हे येत नाही. आपला पाऊस जांभ्यातून झिरपतो. जांभ्यातला चुना युगानुयुगं पावसाने धुऊन गेलेला आहे. त्यामुळे सड्यावरच्या बावीचं, म्हणजे विहिरीचं, पाणी मऊ, किंचित आंबटाकडे झुकणारं. प्यायला गोड, साबणाला फेस भरपूर. टाकीत मात्र त्याची आम्ल पेलायची ताकद, म्हणजे क्षारता, कमी पडते. हे जिवाणू अमोनिया पचवताना आम्ल तयार करतात. अमोनियातला 1 मिलीग्रॅम नायट्रोजन पचवायला पाण्यातली सुमारे 7 मिलीग्रॅम क्षारता खर्ची पडते. कडक पाण्यात ती भरपूर असते. आपल्याकडे मुळातच थोडी, ती काही आठवड्यांत संपते. मग पीएच घसरतो, आणि सहाच्या आसपास गेला की जिवाणूंचं काम जवळजवळ थांबतं. टाकी वरून नितळ दिसते, फिल्टर चालू असतो, आणि आत अमोनिया साचत असतो.

त्यावरचा उपाय आपल्या बाजारातच आहे. तुझी आई मुळे आणते, तिसऱ्या आणते, त्यांच्या शिंपल्या फेकू नकोस. कालवणातल्या मात्र घेऊ नकोस, त्यांना तेल-मसाला लागलेला असतो. विळीवर कच्च्या उघडलेल्या घे. आत चिकटलेला मांसाचा कण न् कण नखाने काढ, कारण तो कुजला तर अमोनियाच वाढवेल. साध्या पाण्यात उकळ, साबण लावू नकोस, ब्रशने घास आणि चार दिवस कडक उन्हात टाक. वास पूर्ण गेला पाहिजे. मग फडक्यात गुंडाळून बत्त्याने जाडसर फोड. मूठभर तुकडे जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरजवळ, जिथे पाणी हलतं तिथे ठेव. शिंपली म्हणजे चुनाच. पाणी आंबट होऊ लागलं की ती विरघळते, पीएच सातच्या वर गेला की विरघळणं मंदावतं. औषधाचा डोस चुकतो तशी इथे भीती नाही. परिणाम दिसायला आठवडे लागतात, म्हणून पहिल्या दिवसापासूनच ठेव.

पीएच आधीच घसरलेला सापडला तर घाबरून खायचा सोडा ओतू नकोस. आंबट पाण्यात अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात असतो. इथल्या उबेत पीएच 7 असताना त्याचा शेकडा एकसुद्धा भाग विषारी नसतो. पीएच 8 झाला की सहा-सात भाग विषारी होतात. एका चमच्याने पाणी सुधारल्यासारखं वाटेल आणि तासाभरात मासे तडफडतील. अशा वेळी रोज दहावा हिस्सा पाणी बदल, शिंपल्या ठेव आणि खाणं थांबव.

पाणी कुठून घेतोस तेही बघ. तुझ्या फ्लॅटला नगरपरिषदेचं शीळ धरणाचं पाणी आहे, म्हणजे क्लोरीन आलाच. रुंद तोंडाच्या बादलीत, झाकण न लावता, दिवसभर ठेवलं की जातो. बंद ड्रममध्ये नीट जात नाही. घाई असेल तर दुकानात अँटीक्लोरीन मिळतं. ते बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं, बाटलीवरच्या मापानेच घाल. पावसाळ्यात गावच्या बावीतही टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतात. ग्रामपंचायतीचे लोक नळीत क्लोरीन तपासायच्या ओटी द्रावणाचे थेंब टाकून बघतात ना, तसंच तूही बघ. पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे, उद्या वापर. चाचणीचं पाणी मात्र टाकीत परत ओतू नकोस. उन्हाळ्यात नळाचं पाणी एक दिवसाआड येऊ लागलं तर दोन बादल्या आधीच भरून ठेव.

आपल्या मूळ घरच्या बावीचं पाणी आणायचं असेल तर आंब्याच्या मोहोराचे दिवस सांभाळ. कलमांवर फवारणी झाली की वाऱ्याने ती बावीवरही येते, आणि त्यातली बरीच कीटकनाशकं माशांना फार घातक. पायरेथ्रॉइड गटातली तर अगदी थोड्या मात्रेत मारतात. हाच गट डासांच्या अगरबत्तीत आणि लिक्विडमध्येही असतो. हवेचा पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, हे लोकांच्या ध्यानात येत नाही. ज्या खोलीत टाकी, त्या खोलीत डासांचं काही लावायचं नाही. खिडकीला जाळी बसवून घे. हे मी सूनबाईलाही सांगणार आहे, कारण संध्याकाळी बटण दाबणारी तीच.

किनाऱ्याच्या बावी चैत्र-वैशाखात मचूळ होतात. तसलं पाणी आपल्या टाकीत नको. कोणाकडे तेवढंच असेल तर त्याने मॉली पाळावेत, ते सोसतात. भाट्याच्या किनाऱ्यावरची वाळू आणि शोभेला जांभ्याचा तुकडा, दोन्ही नको. वाळूत मीठ असतं, जांभ्याची लाल माती सुटत राहते. नदीची बारीक खडी धुऊन घे.

आठवड्याला पाव टाकी पाणी बदल. सगळं काढून चकाचक धुवायची आपल्या घरांतली सवय टाकीला लावू नकोस. स्पंज पिळायचा तो काढलेल्या पाण्यात. नळाखाली धरलास तर क्लोरीनने जिवाणू मेलेच. सुरुवातीला चार-पाच गप्पी पुरेत. पुढचे दोन-तीन आठवड्यांनी. लेकीला गोल्डफिश हवा असेल, पण तो घाण फार करतो, या टाकीत नको. दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं, दिवसातून एकदा. नायट्राइट चढलंच तर 50 लिटरला एक सपाट चहाचा चमचा खडे मीठ विरघळवून घाल. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. पाणी बदलणं त्याने टळत नाही, वेळ तेवढा मिळतो.

हीटर घेतला असशील तर परत कर. इथे उलटी अडचण आहे: 20 अंशाच्या पाण्यात लिटरमागे 9 मिलीग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशाला साडेसातच. मे महिन्यात पंप रात्रभर बंद करायचा नाही. पावसाळ्यात लाईट जाते, ती कधी येईल सांगता येत नाही. 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कितीतरी दिवस वीज नव्हती. बॅटरीचा हवापंप घेऊन ठेव. नसेल तर तांब्याने पाणी उचलून वरून धार धर, अधूनमधून, आणि वीज येईपर्यंत खायला घालू नकोस.

अडलास तर शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, 1981 पासूनचं. तिथल्या लोकांना विचारायला संकोच करू नकोस. लेकीला एकदा झाडगावच्या मत्स्यालयात ने. तिथे तिला समुद्राचे आणि गोड्या पाण्याचे मासे शेजारीशेजारी बघायला मिळतील.

गणपतीला गावी जाताना शेजाऱ्यांकडे खाण्याचा डबा देऊन जाऊ नकोस. लोक प्रेमाने ओतत राहतात. मोठे, धडधाकट मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. निघण्याच्या दोन दिवस आधी पाव पाणी बदल, झाकण नीट बसव, आणि शेजाऱ्यांना एवढंच सांग की रोज एकदा बघा, बुडबुडे येताहेत ना.