निवेदन कुणाच्या हातात द्यायचं?

प्रश्न : मिरजेच्या एमआयडीसीत एका इंजिनिअरिंग कारखान्यात मी १ सप्टेंबर २००० ते ३१ ऑगस्ट २०१९ नोकरी केली. अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर ईपीएस-९५ ची पेन्शन लागली, महिना २,३७१ रुपये. तेव्हापासून त्यात एक रुपयाही वाढ नाही. आमची पेन्शनरांची संघटना आहे. भविष्य निर्वाह निधी कार्यालय, आमदार, जिल्हाधिकारी, सगळीकडे निवेदनं देऊन झाली. फोटो निघतात, पुढे काही होत नाही. आता एक जण म्हणतो, प्रत्येकी दोन हजार काढा, सुप्रीम कोर्टातून साडेसात हजार पेन्शन मिळवून देतो. काय करावं?
— एक वाचक, मिरज

उत्तर : पैसे देऊ नका, हे आधी. किमान पेन्शन साडेसात हजार करा, असा कोर्टाचा कोणताही आदेश नाही. सुप्रीम कोर्टाचा ४ नोव्हेंबर २०२२ चा निकाल वेगळ्या गोष्टीचा आहे. ज्यांचा पीएफ कमाल मर्यादेवर नव्हे तर पूर्ण पगारावर कापला जात होता, त्यांना पेन्शनही पूर्ण पगारावर मिळावी का, हा तिथला वाद होता. त्या पर्यायाचे अर्ज भरायची मुदत ११ जुलै २०२३ ला संपली. वाढीव पेन्शन आणि किमान पेन्शन या दोन गोष्टी एकत्र कालवूनच असे लोक पेन्शनरांकडून वर्गणी गोळा करतात. सभेत हे मोठ्याने सांगा.

आता तुमच्या २,३७१ रुपयांकडे येऊ, कारण मागणीचा सगळा जोर त्या आकड्यातच आहे. योजनेचं सूत्र असं : पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पगार कितीही असो, ३१ ऑगस्ट २०१४ पर्यंतच्या नोकरीला तो जास्तीत जास्त ६,५०० धरतात आणि त्यानंतरच्या नोकरीला १५,०००. तुमची आधीची १४ वर्षं म्हणजे १,३०० रुपये आणि नंतरची ५ वर्षं म्हणजे १,०७१. बेरीज २,३७१. कार्यालयाने हिशेबात चूक केलेली नाही, म्हणून तिथल्या अधिकाऱ्याकडे खेटे घालून उपयोग नाही. या सूत्रात महागाई भत्ता कुठेच नाही. निवृत्तीच्या दिवशी जो आकडा बसला, तोच मरेपर्यंत. एकोणीस वर्षं मशीनवर उभं राहिलेल्या माणसाला ही रक्कम देणं अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण तो योजनेच्या नियमातला अन्याय आहे, आणि नियम बदलणारे लोक दिल्लीत बसतात.

आमदार आणि जिल्हाधिकारी यांना या योजनेत काडीचा अधिकार नाही. ते फार तर तुमचा कागद पुढे पाठवतील. योजना केंद्राची आहे. केंद्र सरकार अधिसूचना काढून ती बदलू शकतं, नवा कायदा लागत नाही. १ सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १,००० झाली, ती अशीच. ती हजाराची पातळी गाठायला जे कमी पडतं, ते सरकार अर्थसंकल्पातून घालतं. हा मुद्दा निवेदनात ठळक असू द्या. सरकारचं ठरलेलं उत्तर असतं की ३१ मार्च २०१९ च्या मूल्यांकनानुसार पेन्शन निधीतच तूट आहे. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के आणि सरकारचे १.१६ टक्के, तेही मर्यादेतल्या पगारावर, एवढ्यावर हा निधी उभा आहे. तेव्हा तूट खोटी आहे असं भांडत बसू नका. मागणी निधीकडे करायचीच नाही. अर्थसंकल्पातून पैसे द्यायचं तत्त्व सरकारने २०१४ मध्येच मान्य केलंय, आता फक्त रक्कम वाढवायची आहे, असं मांडा. किमान पेन्शन २,००० करण्याचा श्रम मंत्रालयाचा प्रस्ताव मागे अर्थ मंत्रालयाने मान्य केला नव्हता. म्हणजे अडलंय कुठे ते कळतं. निवेदनावर श्रममंत्र्यांबरोबर अर्थमंत्र्यांचंही नाव हवं.

हे काम खासदाराकरवी होतं. त्याच्याकडे ‘आमच्या मागण्यांचा सहानुभूतीने विचार व्हावा’ असला कागद नेऊ नका. त्यावर ‘योग्य कार्यवाहीसाठी’ असा शेरा पडतो आणि फाइल बंद होते. एका पानाचा कागद न्या. वरती तुमचा १,३०० अधिक १,०७१ चा हिशेब, खाली नेमकी कामं. एक, येत्या अधिवेशनात लेखी प्रश्न विचारा : अर्थ मंत्रालयाकडे आज कोणता प्रस्ताव आहे आणि त्याला वर्षाला किती खर्च येईल? प्रश्नाची सूचना निदान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशनाची तारीख जाहीर होताच गाठा. दोन, लोकसभेत नियम ३७७ खाली विषय मांडा. राज्यसभेचे सदस्य असतील तर विशेष उल्लेखाची सोय आहे. कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसमधून उठू नका. महिन्याने त्याच क्रमांकाचा हवाला देऊन विचारायला जा. फोटोपेक्षा हा शिक्का कामाचा.

तिसरा मार्ग याचिकेचा, आणि तो फार कमी लोक वापरतात. संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या याचिका समित्या आहेत. सामान्य नागरिकही याचिका करू शकतो. राज्यसभेसाठी तिच्यावर सदस्याची प्रतिस्वाक्षरी लागते, आणि मजकूर मराठीत असेल तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर सही करून जोडावं लागतं. कोर्टात असलेला विषय समिती घेत नाही. म्हणून वाढीव पेन्शनचा वाद त्यात आणू नका, फक्त किमान पेन्शन आणि महागाई भत्ता ठेवा. याच मार्गाने गेलेल्या याचिकेवर भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ मध्ये किमान ३,००० रुपये आणि महागाई भत्ता द्यावा अशी शिफारस केली होती. वर्षभरात १,००० ची अधिसूचना निघाली. शिफारशीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, तरी निघाली. पूर्वी कुणाकुणाला या योजनेतून शंभर-दोनशे रुपयेच मिळत होते.

एकट्या मिरजेच्या संघटनेने हे सगळं ओढू नये. देशात या योजनेचे पाऊण कोटीहून जास्त पेन्शनर आहेत, आणि त्यांच्या सर्वांत चिकाटीच्या आंदोलनाचं केंद्र आपल्या बुलढाण्यात आहे. कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखालच्या राष्ट्रीय संघर्ष समितीने तिथे वर्षानुवर्षे साखळी उपोषण चालवलं. दरमहा ७,५०० रुपये व महागाई भत्ता आणि पती-पत्नी दोघांना मोफत उपचार, ही तिची मुख्य मागणी. सत्तरी ओलांडलेली माणसं आळीपाळीने मांडवात बसली, ही लहान गोष्ट नाही. मागणीचा आकडा त्यांच्याशी जुळवून घ्या. एका तालुक्याने पाच हजार मागायचे आणि दुसऱ्याने नऊ, असं झालं की मंत्रालयाला नाही म्हणायला सोपं जातं.

प्रश्न : माझे वडील नोव्हेंबर २००६ मध्ये, अठ्ठावन्न व्हायच्या आत साखर कारखान्यातून निवृत्त झाले. तेव्हा त्यांनी पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतले. आज त्यांना महिना हजाराच्याही आत मिळतात. मग ‘किमान हजार’ कुठे गेले?
— एक वाचक, संगमनेर

उत्तर : किमान हजार ही रक्कम कपातीआधीची धरतात. लवकर घेतलेल्या पेन्शनला दरवर्षामागे काही टक्के कात्री लागते, आणि विकलेला भाग वेगळा वजा होतो. पण तुमच्या वडिलांच्या बाबतीत एक हक्क नक्की तपासा, इथे कुणापुढे मागणी करायची गरज नाही. २६ सप्टेंबर २००८ च्या आधी ज्यांनी पेन्शन विकली, त्यांचा विकलेला भाग १५ वर्षांनी पुन्हा सुरू करायचा नियम फेब्रुवारी २०२० मध्ये झाला आहे. २००६ मध्ये विक्री झाली असेल तर ती मुदत २०२१ मध्येच भरली. पासबुकात त्या तारखेनंतर रक्कम वाढलेली दिसत नसेल, तर पीपीओची (पेन्शन देण्याच्या आदेशाची) प्रत जोडून भविष्य निर्वाह निधीच्या विभागीय कार्यालयाकडे अर्ज करा आणि तेव्हापासूनचा फरकही त्यातच मागा. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात ‘निधी आपके निकट’ शिबिर भरतं. वडिलांना घेऊन तिथे जा, अर्जाची पोच तिथेच मिळेल.