विज्ञानकथाकार नारळीकर आणि श्रद्धेची परीक्षा

विज्ञान शाखेची पदवी घेणे आणि विज्ञानाच्या रीतीने विचार करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अभियंता झालेल्या मुलाचे ठरत आलेले लग्न पत्रिका जुळत नाही म्हणून मोडते; प्रयोगशाळेत दिवसभर काटेकोर मोजमाप करणारा गृहस्थ नव्या घराचा दरवाजा वास्तुतज्ज्ञाच्या सल्ल्याने हलवतो. असे का होते? विद्यार्थी मित्रांनी या प्रश्नाचा विचार करावा, या हेतूने आम्ही डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांचे लेखन आणि त्यांनी केलेला एक प्रयोग येथे अभ्यासासाठी घेत आहोत.

नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूर येथे झाला. बालपण बनारसला गेले, उच्च शिक्षण केंब्रिजला झाले. १९७२ साली ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९८८ साली पुण्यात ‘आयुका’ ही संस्था त्यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. शास्त्रज्ञ म्हणून त्यांची ख्याती जगभर होती. मराठी घरांत मात्र ते अधिक पोहोचले ते विज्ञानकथांमुळे.

पहिल्या कथेची हकीकतच बोधप्रद आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी केली की ना. वि. ज. होतात! हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. परीक्षकांच्या मनावर नावाचा प्रभाव पडू नये ही त्यांची इच्छा होती. माणूस कितीही प्रामाणिक असला तरी नाव पाहून त्याचे मत झुकते, हे त्यांनी गृहीत धरले होते. पुढे ज्योतिषाची परीक्षा घेताना हेच तत्त्व उपयोगी पडले.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही त्यांची कथा अनेकांनी वाचली असेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा एका जगात जाऊन येतात, जेथे १७६१ साली मराठे जिंकलेले आहेत. परत आल्यावर त्यांचा मित्र राजेंद्र प्रथम हे सर्व मनाचे खेळ समजतो. पण पंतांच्या खिशातून त्या दुसऱ्या जगातील पुस्तकाचे एक पान निघते आणि राजेंद्रला आपले मत बदलावे लागते. कथा काल्पनिक, पण वागणूक खऱ्या विज्ञाननिष्ठाची! मित्र आदरणीय आहे म्हणून राजेंद्र विश्वास ठेवत नाही. आणि पुरावा समोर आल्यावर हट्टही धरत नाही.

२००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत वैदिक ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचे योजिले, तेव्हा नारळीकरांनी जाहीर विरोध केला. हे ज्योतिष वैदिकही नाही आणि विज्ञानही नाही, असे त्यांचे म्हणणे. परंतु विरोधाचे लेख कितीही लिहिले तरी ‘आम्हाला अनुभव आहे’ या एका वाक्यापुढे ते निष्प्रभ ठरतात. म्हणून २००८ साली त्यांनी ज्योतिषाला प्रत्यक्ष परीक्षेला बसविले. डॉ. नरेंद्र दाभोलकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे हे त्यांचे सहकारी होते. घाटपांडे स्वतः पूर्वी ज्योतिष पाहत असत, ही विशेष गोष्ट.

प्रयोग साधा होता. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी २०० मुलांच्या जन्मवेळा मिळविल्या. त्यांतील १०० मुले शाळेत हुशार म्हणून नावाजलेली, तर १०० मतिमंद. पत्रिका एकत्र मिसळल्या, नावे झाकली. कोणती पत्रिका कोणत्या गटातील, हे ज्योतिषांनी फक्त सांगायचे होते. ५१ ज्योतिषांनी तयारी दाखविली. प्रत्येकाला ४० पत्रिका पाठविल्या. प्रत्यक्षात २७ जणांनीच उत्तरे धाडली. ४० पैकी निदान २८ बरोबर आल्यास यश मानावे असे आधीच ठरले होते. निकाल असा लागला : सरासरी १८ च्या किंचित वर, म्हणजे सुमारे ४६ टक्के. एका ज्योतिष संस्थेने सर्व २०० पत्रिका पाहिल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी २०० पैकी १०० च्या आसपासच आली असती.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. या २७ जणांत एकाची २४ उत्तरे बरोबर होती. त्या गृहस्थाने हा एकच आकडा जाहिरातीत छापला असता तर? ‘शास्त्रज्ञांच्या परीक्षेत ६० टक्के यश’ हे वाक्य खोटे ठरले नसते, आणि गिऱ्हाइकांची रीघ लागली असती. विद्यार्थ्यांनी वर्गात हे करून पाहावे. २७ जणांनी प्रत्येकी ४० वेळा नाणे उडवावे आणि छाप किती वेळा पडला ते लिहावे. गणिताप्रमाणे त्यांतील तीन-चार जणांना २४ किंवा अधिक छाप मिळणे स्वाभाविक आहे. २८ छाप मात्र शंभरात एखाद्यालाच मिळतील. मर्यादा २८ ठेवण्याचे कारण तेच. तीन-चार जणांच्या अंगी काही सिद्धी नसते, पण आपण त्यांच्याच गोष्टी ऐकतो. चुकलेले भविष्य कोणी सांगत बसत नाही, खरे ठरलेले तीन पिढ्या सांगितले जाते. हा माणसाच्या स्मरणाचा स्वभाव आहे आणि शिक्षणाने तो आपोआप जात नाही. म्हणून केवळ ‘अशिक्षित लोक अंधश्रद्ध असतात’ असे म्हणणे आम्हाला मान्य नाही.

या प्रयोगातील सहकारी दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला गेले असता गोळ्या घालून हत्या झाली. प्रश्न विचारण्याची किंमत महाराष्ट्रात किती असू शकते, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असले पाहिजे. त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात संमत झाला.

मग शास्त्रज्ञ श्रद्धेपासून मुक्त असतो काय? नारळीकरांचेच उदाहरण घेऊ. विश्वाचा आरंभ एका महास्फोटात झाला, हे बहुसंख्य शास्त्रज्ञांचे मत त्यांनी अखेरपर्यंत स्वीकारले नाही. १९६५ साली विश्वातील सूक्ष्मलहरींचा शोध लागला आणि त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांचा स्थिर विश्वाचा सिद्धांत अडचणीत आला. तरी १९९३ साली हॉईल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी त्याचे सुधारलेले रूप मांडले. तेही फारसे मान्य झाले नाही. यात गुरूविषयीची निष्ठा नव्हती असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्यांनी आपले मत समीकरणांत मांडले, निरीक्षणांशी ताडून पाहण्यास दिले आणि टीका छापील स्वरूपात झेलली. पत्रिका पाहणाऱ्याला आपण ही अट कधी घालतो?

हॉईल यांचे आणखी एक आवडते मत होते की, सूक्ष्मजीव अंतराळातून पृथ्वीवर येतात. (हॉईल हेही विज्ञानकथाकार, त्यांची ‘द ब्लॅक क्लाऊड’ ही कादंबरी १९५७ सालची.) हे मत नारळीकरांनी कथेपुरते ठेवले नाही. ‘इस्रो’च्या साहाय्याने हैदराबादहून मोठे फुगे सोडून उंचावरील हवेचे नमुने घेतले गेले, ते ४१ किलोमीटरपर्यंत पोहोचले. २००५ सालच्या उड्डाणातील नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. एकीला हॉईल यांचे, एकीला आर्यभटांचे आणि एकीला इस्रोचे नाव देण्यात आले. २००९ साली ही घोषणा झाली तेव्हा वर्तमानपत्रांना ‘अंतराळातील जीव सापडले’ असा मथळा हवा होता. संशोधकांनी मात्र एवढेच सांगितले की, हे जीव पृथ्वीबाहेरून आले असे या प्रयोगाने सिद्ध होत नाही.